झेब्रामासा आणि ध्रुवित प्रकाश

दोन पोलरॉइड काचा एकमेकींवर काटकोनात ठेवल्या की आरपार अंधार दिसतो. पहिलीने ध्रुवित केलेला प्रकाश दुसरी अडवते. आता त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पारदर्शक फूटपट्टी सरकवा. ती रंगीत होऊन उजळते! पट्टीतील रेणूंची मांडणी सर्व दिशांनी सारखी नसते. त्यामुळे प्रकाशाचे दोन घटक तिच्यातून वेगवेगळ्या वेगाने जातात, ध्रुवण बदलते आणि काही प्रकाश दुसऱ्या काचेतून निसटतो. हेच द्विअपवर्तन.

स्नायूतही प्रथिनांचे धागे शिस्तीने रांगेत असतात. म्हणून निरोगी स्नायूही असाच उजळतो. धागे विस्कटले की तेथे अंधार पडतो.

आता हा रोग पाहा. डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन स्नायुपेशीच्या आतील सांगाड्याला तिच्या आवरणाशी बांधून ठेवते. त्याचे जनुक बिघडले की आकुंचनाच्या ताणाने पेशी फाटू लागतात. हा डुशेन स्नायुक्षय. तो बहुधा मुलग्यांना होतो, आणि धावतेखेळते मूल बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाच्या खुर्चीला खिळते.

मुलाचा स्नायू तपासायचा तर त्याचा तुकडा काढावा लागतो. झेब्रामाशाच्या पिलात ती अडचण नाही. गंगेच्या खोऱ्यातील या चिमुकल्या पट्टेरी माशाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केले. त्याची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि पिले पहिले काही दिवस जवळजवळ पारदर्शक असतात. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडते.

जर्मनीतील ट्युबिंगन येथे झालेल्या मोठ्या पाहणीत (१९९६) स्नायू दुबळे पडणारे मासे मिळाले. त्यांपैकी एका वाणाचा दोष डिस्ट्रोफिनच्याच जनुकात आहे, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. पोलरॉइडमधून पाहताच अशी रोगी पिले ओळखू येतात. त्यांच्या उजळ स्नायूंत काळे डाग दिसतात.

मग २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी १,१२० रसायने अशा पिलांच्या पाण्यात घालून पाहिली. कोणत्या पिलांचे स्नायू पुन्हा उजळतात? दम्यावर वापरले जाणारे अमिनोफायलिन सर्वांत प्रभावी ठरले. अर्थात माशाला लागू पडले ते मुलाला पडेलच असे नाही. पुढच्या चाचण्या कराव्याच लागतात. पण हजार वाटांतून तपासण्याजोग्या चारदोन वाटा निवडण्याचे काम ही पिले लवकर करतात.

करून पाहा : माशात हे जनुक लिंग-गुणसूत्रावर नसते आणि दोष अप्रभावी असतो. नर व मादी दोघेही दोषवाहक असतील, तर २०० पिलांपैकी सुमारे किती पिलांत काळे डाग दिसतील? (उत्तर : ५०. कारण मेंडेलच्या नियमांतून शोधा.)