यादृच्छिक संख्यांचे ‘बीज’

संगणकाकडून यादृच्छिक संख्या मागवताना बहुधा आरंभी एक संख्या पुरवावी लागते. तिला ‘बीज’ म्हणतात. बीजगणितातील बीजाशी तिचा संबंध नाही. नवे बीज दिले की नवी संख्यामाला उगवते, असा मात्र या शब्दामुळे पुष्कळांचा समज होतो. तो तपासून पाहू.

संगणक या संख्या ठरावीक नियमाने काढतो. म्हणूनच त्यांना आभासी यादृच्छिक म्हणावयाचे. एक लहानसा नियम घ्या : हातातील संख्येला ५ ने गुणावे, त्यात ३ मिळवावेत आणि १६ ने भागून बाकी घ्यावी. बीज ७ असल्यास ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. आता बीज ११ घ्या. तेच चक्र! आपण फक्त दुसऱ्या ठिकाणी पाऊल ठेवले. (सम-विषम संख्या येथे आळीपाळीने येतात, हे चाणाक्ष वाचकांनी ताडलेच असेल. तो दोष नियमाचा. बीज बदलून जाणार नाही.)

काही नियमांत बीज घातकही ठरते. फॉन नॉयमन यांनी १९४९ च्या सुमारास मांडलेल्या रीतीत संख्येचा वर्ग करून मधले अंक घ्यावयाचे असतात. २५०० चा वर्ग ०६२५००००. मधले चार अंक पुन्हा २५००. माला तेथेच थिजली.

एकाच बीजातून तीच माला येते, हा प्रयोगात गुणच होय. तिकीट-खिडकी एक ठेवावी की दोन, याची तुलना करताना दोन्ही वेळा गिऱ्हाईके त्याच क्रमाने आलेली बरी. म्हणून प्रयोगवहीत बीज लिहून ठेवावे; आपले विद्यार्थी नेमके तेच विसरतात.

गुप्तलेखनात हाच गुण अंगलट येतो. डेबियन या संगणक-प्रणालीत २००६ साली ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीतील काही ओळी गाळल्या गेल्या. त्यामुळे बीजासाठी केवळ चालू कार्याचा क्रमांक उरला, म्हणजे जेमतेम ३२ हजार पर्याय. किल्ल्या दिसावयास लांबलचक. पण एका जातीच्या यंत्रावर, एका लांबीच्या साऱ्या किल्ल्या कोणालाही आधीच काढून ठेवता येत होत्या. हे मे २००८ मध्ये उघडकीस आले. नियम दुरुस्त करणे सोपे होते, पण दरम्यान तयार झालेल्या सर्व किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.