प्राणी आवडतात, एवढ्यावर भागत नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्या प्राणिशास्त्र विभागात पालकांची ये-जा सुरू होते. काहींच्या मुलांना नीटमध्ये गुण कमी पडलेले असतात. एमबीबीएस नाही, पशुवैद्यकही नाही, मग ‘निदान झूलॉजी तरी’ असं म्हणत ती मंडळी आलेली असतात. पण काही आईवडील खुर्चीच्या कडेला अवघडून बसतात, कारण त्यांच्या मुलीला किंवा मुलाला खरोखर हाच विषय हवा असतो. ‘‘मॅडम, लहानपणापासून रस्त्यावरची जखमी पिल्लं घरी आणते. आता म्हणते, प्राण्यांसाठीच काहीतरी शिकायचं. हे शिक्षण आहे की हौस?’’ प्रश्न रास्त आहे. आज त्याच आईवडिलांशी सविस्तर बोलावंसं वाटतं.

मुलीच्या मनातली माया खरी आहे, ती जपाच. पण नुसत्या मायेने प्राण्याचं भलं होतंच असं नाही. आपल्या गिधाडांचं काय झालं ते आठवून बघा. १९९०च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर २००७पर्यंत हजारात एखादं उरलं. कारण सापडलं २००४ साली. दुखण्याने बेजार झालेल्या गाई-बैलांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं जात होतं. असं जनावर लवकरच मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. यात कोणाच्याही मनात क्रूरपणा नव्हता. उलट बैलाला आराम पडावा म्हणूनच सुई टोचली जात होती. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली आणि गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम पुढे आलं. त्यासाठी पक्ष्यांची गणती करणारे, शवविच्छेदन करणारे, रसायनं तपासणारे आणि गोठ्यातल्या शेतकऱ्याशी बोलणारे असे सगळेच लागले. तुमची मुलगी जे शिकायचं म्हणते ते हे आहे.

आपल्या काळात झूलॉजी म्हणजे बेडूक कापणं आणि फॉर्मलीनच्या बाटल्यांवरची नावं पाठ करणं. पुष्कळ आयांच्या मनात अजून तेच चित्र असतं. ते आता बदललं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ साली पदवी व पदव्युत्तर वर्गांतून ते थांबवायला सांगितलं. शरीररचना मुलं आता संगणकावर आणि प्रतिकृतींवर शिकतात. जोडीला प्राण्यांचं वर्तन, जनुकशास्त्र, परिसंस्था आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्राचं नाव काढलं की प्राणीवेडी मुलं नाराज होतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. आकडेमोडीशी वैर धरून या विषयात फार पुढे जाता येत नाही.

आणि प्राणीकल्याण ही तर आता स्वतंत्र विद्याशाखा झाली आहे. ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि कोंडलेल्या वासरांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. लोक हादरले, सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली आणि १९६५ साली तिचा अहवाल आला. भूक-तहान, गैरसोय, वेदना आणि आजार, भीती यांपासून सुटका आणि स्वाभाविक वागण्याची मुभा, ही आज जगभर मानली जाणारी पाच सूत्रं त्या विचारातूनच पुढे आकाराला आली. मला मात्र त्या अहवालानंतरची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. पिंजऱ्याच्या तळाशी असलेली बारीक तारेची जाळी कोंबड्यांच्या पायांना त्रासदायक असणार, असं समितीचं मत होतं. ऐकताना कोणालाही पटेल असंच. १९७३ साली संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली. जाड तारेची जाळी आणि ती बारीक जाळी यांत कोंबड्या बारीक जाळीवर जाऊन उभ्या राहिल्या! समिती कळकळीनेच बोलत होती, पण कोंबडीच्या पायाला काय वाटतं ते कोंबडीलाच ठाऊक. तिला विचारायचं कसं आणि तिचं उत्तर वाचायचं कसं, हे शिकायला काही वर्षं द्यावी लागतात.

हे सगळं परदेशातलं आहे असं समजू नका. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे वाढले तेव्हा त्यांना पकडून दूर जंगलात सोडणं हा साऱ्यांनाच भला उपाय वाटला. बिबट्याही वाचेल, माणूसही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की असं स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. २००९ साली पट्टा बांधून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज परिसरातून निघून पार मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. ज्या घरातलं लेकरू बिबट्याने नेलं, त्या घराला प्राणीप्रेमाची भाषणं ऐकवू नयेत. त्यांना खरी, तपासलेली माहिती देणारं माणूस हवं असतं. अशी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत, आणि म्हणून एखादी मुलगी हा विषय मनापासून मागते तेव्हा मला आनंद होतो.

आता पोटापाण्याचं. इथे तुम्हाला गोड सांगणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर फारसं काही हाती लागत नाही, एम.एस्सी. धरूनच चला. प्रकल्पावर काम मिळतं, पण प्रकल्प संपला की पुन्हा शोध सुरू होतो. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, मुंबईत १८८३पासून काम करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) ही नावं मुलीला माहीत असतील, तुम्हीही माहीत करून घ्या. राज्य लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा आहे, प्राध्यापकी आहे, प्राणिसंग्रहालयं, बचाव केंद्रं आणि औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत. त्या प्रयोगशाळांत उंदीर असतात हे मुलीशी आधीच बोला. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्यामुळे तिथल्या प्रत्येक प्रयोगाला नीतिविषयक समितीची परवानगी लागते. प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्यांचा त्रास घटवता येईल का, हे विचारणारं कोणीतरी तिथे असायलाच हवं. ते काम तिला झेपेल का, हे तिचं तिलाच ठरवू द्या. आणि जनावरांवर स्वतः उपचार करायचे असतील तर वाट वेगळी आहे, तिथे पशुवैद्यकाचीच पदवी लागते. ही गल्लत आधीच मिटवलेली बरी.

मुलगी रानात जाणार म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येतो. सोबत कोण, राहायची सोय कुठे, गाडी कोणाची, फोन लागत नाही तिथे निरोप कसा पोचणार, हे मार्गदर्शकांना स्पष्ट विचारा. चांगले मार्गदर्शक या प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि कधीतरी ती खूप हळवी होऊन घरी येईल, कारण महिनोन्‌महिने जिच्या नोंदी ठेवल्या ती मादी गाडीखाली गेलेली असेल. त्या दिवशी ‘तरी आम्ही सांगत होतो’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नका.

प्रवेशाला अजून वेळ आहे. तोवर तिला एकच काम द्या. अंगणातली साळुंकी, गल्लीतली कुत्री, मावशीकडच्या शेळ्या, कोणताही एक प्राणी निवडायचा. रोज ठरावीक वेळी अर्धा तास नुसतं बघायचं आणि काय दिसलं ते तारीख-वेळेसकट लिहायचं. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. कंटाळा आला तरी बसायचं. महिन्याभरानंतरही ती लिहीत असेल, तर अर्ज भरायला येताना ती वही सोबत आणा. गुणपत्रिकेच्या आधी मला ती वाचायची आहे.