एका पेल्यातील दोन नळ्या

पेलाभर उसाचा रस घ्या आणि त्यात दोन नळ्या घाला. एक तुमच्या तोंडात, दुसरी धाकट्या भावाच्या. पुढे काय होईल ते सांगायला नकोच! तहान असो वा नसो, दोघेही घाईघाईने ओढू लागाल. जो थांबेल त्याच्या वाट्याचा रस दुसऱ्याच्या पोटात जाणार ना!

असाच एक पेला जमिनीखाली आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस, नाणेघाट-आहुपे भागात, पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. अणे पठार तर पर्जन्यछायेतच येते. खाली सगळा बेसॉल्टचा काळा कातळ. वाळूत मुरते तसे पाणी त्यात सर्वत्र मुरत नाही. वरचा मुरूम, सच्छिद्र थर आणि कातळाच्या भेगा, एवढ्यातच ते साठते. बांधाच्या अलीकडची व पलीकडची विहीर पुष्कळदा एकाच भेगेतून पाणी घेते. भेगेला सातबारा वाचता येत नाही.

समजा, अलीकडच्या शेतकऱ्याने २०० फूट खोल विंधन विहीर घेतली. उपसा सुरू झाला की तिच्याभोवतीची पाण्याची पातळी नरसाळ्याच्या आकारात खाली जाते. या नरसाळ्यात शेजाऱ्याची विहीर सापडली की ती आटते. मग शेजारी ३०० फूट जातो, पहिला ४००. दोघेही कर्जात बुडतात. पाणी मात्र थेंबभरही वाढत नाही, कारण ते येते पावसातून. शिवाय खोल जावे तसतशा भेगा सहसा विरळ होतात. दोघांपैकी दुष्ट कोणीच नाही. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे, आणि खरी मेख तीच आहे.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाचे उदाहरण देऊन हेच मांडले. प्रत्येक जण आपले एकेक जनावर वाढवतो आणि कुरण उजाड होते. यावर त्यांना दोनच उपाय दिसत होते : सरकारी बडगा किंवा खाजगी मालकी.

तिसराही उपाय आहे, आणि तो पुणे जिल्ह्यातच करून पाहिला गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या मानाने नव्हे, माणसांच्या मानाने वाटले जाई : माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही वाटा होता. ऊस मात्र कोणालाच लावता येत नसे. सगळ्यांच्या वाट्याचे पाणी त्याने एकट्यानेच पिऊन टाकले असते.