घोडी फळवायची कशी: घोडा दाखवून की वीर्यकांडीने?

सारंगखेड्याची यात्रा उठून दोन-अडीच महिने झाले. दत्तजयंतीच्या त्या घोडेबाजारात ज्यांनी मारवाडी किंवा काठेवाडी घोडी दावणीला आणली, त्यांनी आता पैदाशीचं ठरवायला हवं. दिवस मोठा होऊ लागला की घोडीचा माज नियमित होतो. थंडीत तो बऱ्याचदा लांबतो किंवा फसवा निघतो. घोडी सरासरी 340 दिवस, म्हणजे साधारण अकरा महिने गाभण राहते. होळीच्या आसपास फळलेली घोडी पुढच्या माघ-फाल्गुनात विते. हवा बरी असते आणि डिसेंबरच्या यात्रेपर्यंत शिंगरू नऊ-दहा महिन्यांचं होऊन उभं राहतं. ज्येष्ठात फळवली, तर वेत वैशाखाच्या उन्हात येतं.

नैसर्गिक की कृत्रिम, हा प्रश्न विचारताना आपल्या डोळ्यांपुढे गाय असते. गायीला सकाळी माज दिसला की संध्याकाळी कांडी भरायची, हे गावोगावी पक्कं झालंय. घोडीला हा हिशेब लागू पडत नाही. तिचं चक्र साधारण 21 दिवसांचं, पण माज पाच ते सात दिवस टिकतो आणि स्त्रीबीज सुटतं ते माज संपण्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. माजाच्या पहिल्याच दिवशी भरलेली गोठीत कांडी बहुतेक वाया जाते, कारण वितळवलेलं वीर्य जेमतेम बारा ते चोवीस तास तग धरतं. गायीला कांडी भरणाऱ्याचा हात कितीही चांगला असला, तरी घोडीचं काम घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडेच द्या.

जवळपास तपासलेला, शांत स्वभावाचा घोडा असेल, तर एक-दोन घोड्या असणाऱ्याने नैसर्गिक रेतनच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मजबूत फळीच्या आडून घोडा दाखवा. माजावरची घोडी कान पाडत नाही, मागचे पाय फाकवून शेपटी बाजूला घेते, थोडं थोडं मुतते आणि योनीचे ओठ उघडझाप करते. लाथा झाडत असेल तर घाई करू नका. माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माज सरेपर्यंत दिवसाआड घोडा लावा. त्याआधी शेपटीला स्वच्छ पट्टी गुंडाळा, मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा करा. दोघांनाही धरणारी माणसं जाणती हवीत. घोडा उतरण्याआधी त्याची शेपटी तालात वरखाली झाली का, हे पाहा. वीर्य पडल्याची ती खूण आहे. नुसता चढला आणि उतरला, याला रेतन म्हणत नाहीत.

धोका असतो तो रोगाचा. डौरिन हा रोग समागमातूनच पसरतो. ग्लँडर्स तर माणसालाही होतो आणि त्यात जनावर ठार करावं लागतं. त्यामुळे बाजारात अनोळखी घोडा लावून घेऊ नका. ग्लँडर्स आणि अश्व संसर्गजन्य रक्तक्षय यांच्या रक्तचाचणीचा ताजा दाखला मागा. पंचकल्याणी आहे का, भोवरे कुठे आहेत, हे आपण तासभर न्याहाळतो. दाखला बघायला दोन मिनिटं पुरतात.

घोडा दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यात असेल, तर कृत्रिम रेतनाला अर्थ आहे. घोडीचा प्रवास टळतो, लाथाबुक्क्यांची दुखापत टळते. पाच अंशांवर थंड ठेवलेलं वीर्य साधारण चोवीस तासांत वापरावं. काही घोड्यांचं अठ्ठेचाळीस तासही चालतं. गोठीत वीर्य द्रवरूप नत्रात उणे 196 अंशांवर वर्षानुवर्षं राहतं, पण सगळ्यांत जास्त कौशल्य तेच मागतं. स्त्रीबीजाची पुटी (फॉलिकल) 35 मिलिमीटरच्या वर गेली की पशुवैद्य स्त्रीबीज सुटण्याचं इंजेक्शन देतात आणि मग दर सहा तासांनी सोनोग्राफी करावी लागते, मध्यरात्रीसुद्धा. तुमच्या भागात हे होणार नसेल, तर नामांकित घोड्याच्या कांड्या घेऊन पैसे घालवू नका. शिवाय वयस्क घोडीच्या गर्भाशयात गोठीत वीर्याने दाह होण्याची शक्यता जास्त. कृत्रिम रेतन म्हणजे रोग न होण्याची हमी असंही नाही. वीर्यातूनही रोग येतो, दाखला तिथेही हवाच.

भ्रूण प्रत्यारोपणही आता देशात होतं. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात मे 2023 मध्ये या पद्धतीने ‘राज-प्रथमा’ हे मारवाडी मादी शिंगरू जन्मलं. सामान्य पशुपालकाच्या हिशेबात ते अजून बसत नाही.

नोंदणीचं आधीच विचारून घ्या. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतनाचं शिंगरू स्टडबुकात घेतच नाहीत, म्हणून पुण्याजवळच्या स्टडफार्मांवर आजही घोडाच लावतात. मारवाडी, काठेवाडी किंवा आपल्या भीमथडीसाठी संबंधित संस्थेचा नियम लेखी मागा.

कोणत्याही पद्धतीने फळवा, स्त्रीबीज सुटल्यापासून 14 ते 16 दिवसांत सोनोग्राफी करून घ्या. जुळं असेल तर त्यातला एक गर्भ तेव्हाच काढता येतो. उशीर झाला तर बहुतेक वेळा दोन्ही जातात आणि घोडीचा अख्खा हंगाम वाया जातो. पशुवैद्याची तारीख घोडी फळवण्याच्या दिवशीच ठरवून ठेवा.