न आलेल्या फोनची बातमी

घडलेल्या घटनेचे दुःख वेगळे आणि घटनेबद्दल मनाने रचलेल्या कथेचे दुःख वेगळे. पहिल्याला कारण लागते. दुसऱ्याला माहितीतली थोडीशी मोकळी जागा पुरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच फरकावर उभी आहे. घटना थेट यातना देत नाही, मधल्या विचारातून त्या जन्मतात. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत मराठीत रुजवली.

प्रस्तुत लेखकाला हे पुस्तकातून कळले नाही, गुरसरायमुळे कळले. बेतवा आणि धसान या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातले, झाशी जिल्ह्याच्या गरौठा तहसिलीतले हे गाव. मराठेशाहीत बुंदेलखंडात गेलेल्या खेर घराण्याची येथे जहागीर होती. कुलवृत्तांताच्या कामासाठी लेखकाचा धाकटा भाऊ एका जानेवारीत तिकडे गेला. संध्याकाळच्या बसने झाशीला पोचून आठपर्यंत फोन करतो, असे त्याने सांगितले होते. आठ वाजले, नऊ वाजले. फोन बंद. शंकेची पाल चुकचुकली आणि दहाच्या सुमारास ‘अजून फोन नाही’ या वाक्याची जागा ‘बसला अपघात झाला’ या वाक्याने घेतली. कोणी काही कळवले नव्हते. लेखकानेच ते ठरवले, मग झाशीतल्या दोन दूरच्या नातेवाइकांना उठवले आणि वर आईलाही सांगितले. आईचा रक्तदाब त्या रात्री वाढला तो अपघाताने नव्हे, अपघाताच्या वर्णनाने.

सकाळी भावाचा फोन आला. “दादा, अरे समोरचं घर दिसत नव्हतं धुक्यात, बस कुठली सुटतेय? इथंच झोपलो. बॅटरी संपली होती, लाइटही नव्हते.” उत्तर प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत दाट धुके नेहमीचेच, हे लेखकाला ठाऊक होते. त्या रात्री मात्र ते आठवले नाही, कारण घाबरलेले मन सोयीचेच पुरावे गोळा करते. खरी किंमत पुढे कळली: त्यानंतर बरेच महिने भावाने प्रवासाला निघताना घरी सांगणेच बंद केले.

बातमी नाही म्हणजे वाईटच घडले, असे मानण्याची ही सवय अगदीच निराधार नाही. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला आणि त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ सुमारे दहा दिवसांनी मिळाली. पत्र न येणे हे त्या काळी बऱ्याचदा खरोखरच अशुभ असे. आज फोन लगेच लागतो म्हणून तो न लागणे अधिक भयंकर वाटते. सोय वाढली तशी धीराची मुदत मात्र आखडली.

अशा विचारात दोन गोष्टी ओळखता येतात. एक म्हणजे ‘च’. ‘फोन आला तर बरे’ ही इच्छा असते, ‘फोन आलाच पाहिजे’ हा हट्ट. मराठीत हट्ट एका अक्षरात मावतो, त्यामुळे तो बोलताना पकडणे सोपे जाते. दुसरी म्हणजे भयंकरीकरण: उशिरापासून थेट मृत्यूपर्यंत उडी मारायची आणि मधल्या शक्यता, म्हणजे धुके, बॅटरी, झोप, वगळायच्या.

उपाय म्हणून ‘सगळे छान होईल’ असे घोकणे कामाचे नाही. तीही रचलेलीच कथा असते, फक्त गोड. कागदावर दोन रकाने करावेत: प्रत्यक्ष माहीत काय आणि आपण जोडलेले काय. त्या रात्री पहिल्या रकान्यात ‘फोन बंद आहे’ एवढे एकच वाक्य बसले असते. मग कृती ठरवावी: जेथे माणूस थांबला त्या घरी एक फोन, नंतर बसस्थानकावर चौकशी. दोन्हींतून काही कळले नाही आणि धोक्याचा खरा सुगावा असला तर ११२. वयस्कर माणसांना तर्क सांगू नये, कळलेले तेवढेच सांगावे. लेखकाच्या घरी आता ठरले आहे की प्रवासातला माणूस मुक्कामाच्या घरचा नंबर देऊन निघतो आणि धुक्याच्या दिवसांत सकाळी दहापर्यंत कोणी कोणाला शोधत नाही.

हे सारे साध्या काळजीला लागू पडते. झोप उडणे, भूक मरणे, छातीत धडधडणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो विचारांचा खोडसाळपणा समजून अंगावर काढू नये. त्यासाठी डॉक्टर आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.