कुमारिकेचं कंकण

चोवीस गुरूंची कथा दत्तभक्तांना नवी नाही. भागवताच्या 11व्या स्कंधात अवधूत ती यदुराजाला सांगतो, नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली. त्यातली कुमारिका बघा. सोयरिकीला पाहुणे आलेले, घरात मोठं माणूस नाही. ती आत भात कांडायला बसते तर बांगड्या वाजतात. घरात कांडलेला तांदूळही नाही, हे पाहुण्यांना कळेल म्हणून ती लाजते. बांगड्या कमी करत करत हातात एकेकच ठेवते.

कीर्तनात यातून एकांताचा बोध सांगतात, तो बरोबरच आहे. मला मात्र त्या पोरीची लाज जास्त शिकवते. आपल्या यवतमाळकडे बांगडी वाजू न देणारी घरं कमी नाहीत. 2017 साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हा तर फारच. बँकेच्या काउंटरवर थकबाकीचा आकडा चारचौघांत मोठ्यानं सांगितला, की शेतकरी खाली बघतो, "येतो साहेब" म्हणतो अन् पुन्हा फिरकत नाही. तोच आकडा चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा. मग तो खुर्ची ओढून बसतो, कर्जाचं पुनर्गठन होते का, विचारतो.