कोच चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं?

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये दोन गोष्टींवर कधीच एकमत होत नाही. एक, रिमोट कोणाकडे. आणि दोन, हरलेल्या टीमचा कोच ठेवायचा की काढायचा! गेल्या वर्षी आपल्या कॉलेजची बास्केटबॉल टीम पहिल्याच फेरीत गारद झाली, तेव्हा 'कोच बदला' असा अर्ज फिरला. त्यावर मीही सही ठोकली होती. पुढे टोरांटोची हकिकत वाचली आणि ती सही बोचायला लागली. म्हणून हा लेखप्रपंच.

टोरांटोतला वाद

टोरांटो रॅप्टर्स ही एनबीएमधली कॅनडाची एकमेव टीम. ड्वेन केसी २०११ पासून तिचे कोच होते. २०१७-१८ च्या सीझनमध्ये ८२ पैकी ५९ सामने जिंकून टीम पूर्व विभागात पहिली आली. पुढे प्लेऑफ. तिथे एकाच टीमशी सातपर्यंत सामने होतात, आधी चार जिंकेल तो पुढे. दुसऱ्या फेरीत लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने रॅप्टर्सना ४-० ने घरी पाठवलं. तेही सलग तिसऱ्या वर्षी त्याच क्लीव्हलँडकडून हार! लोक टोरांटोला चेष्टेने 'लेब्रॉन्टो' म्हणू लागले.

चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, "टीम इथवर आणली कोणी? केसींनीच ना?" दुसरा म्हणे, "इथवर आणली खरी, पण पुढे नेणं त्यांना जमत नाही." दोघांचेही आकडे खरे होते. पण ४-० च्या पोटात काय होतं? पहिला सामना जादा वेळेत १ गुणाने गेला. तिसरा २ गुणांनी, अगदी शेवटच्या क्षणी लेब्रॉनने टाकलेल्या बास्केटमुळे. उरलेले दोन मात्र १८ आणि ३५ गुणांनी, म्हणजे सपशेल.

मे २०१८ मध्ये केसींना काढलं. आणि जूनमध्ये लीगचा 'कोच ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला कोणाला? केसींनाच!

एका वेळी एकच व्हेरिएबल

त्यांचे सहायक निक नर्स कोच झाले आणि २०१९ मध्ये टोरांटोने थेट अजिंक्यपद पटकावलं. "बघा, कोच बदलला आणि कप आला!" वाद मिटला? थांबा. लॅबमध्ये आपण करंट, लोड आणि तापमान एकदम बदललं, तर सर रीडिंग मान्य करतील का?

इथेही तेच. त्याच उन्हाळ्यात कवाय लेनर्डसारखा खेळाडू टीममध्ये आला. लेब्रॉन पूर्व विभाग सोडून लॉस एंजलिसला गेला. फेब्रुवारीत मार्क गसोल आला. एवढं होऊन नियमित सीझनमध्ये जिंकले किती? ५८. केसींपेक्षा एक कमीच! फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात बरोबरी असताना लेनर्डचा शेवटचा चेंडू रिंगवर चार वेळा आपटून आत पडला. तो बाहेर पडला असता तर? कोच तोच, डोकं तेच. पण चाहत्यांनी नर्सना वेगळंच ठरवलं असतं.

मग नर्स नुसते नशीबवान?

तसंही नाही. अंतिम फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध दुसऱ्या सामन्यात समोरचे ड्युरांट आणि थॉम्प्सन दोघेही जखमी होऊन बाहेर होते. लांबून मारणारा धोकादायक खेळाडू उरला एकटा स्टीफन करी. नर्सनी शाळकरी टीम वापरतात तो 'बॉक्स अँड वन' लावला. चार जण चौकोन करून जागा राखणार आणि पाचवा करीला चिकटणार. शेवटच्या मिनिटांत गोल्डन स्टेटला गुण मिळेनात. तरी टोरांटो तो सामना ५ गुणांनी हरलं. निर्णय चांगला, निकाल वाईट. दोन्ही वेगवेगळे मोजायला हवेत, हाच मुद्दा.

पुढच्या सीझनला लेनर्ड निघून गेला. आता टीम आपटणार, असं अनेकांना वाटलं. पण कोविडमुळे ७२ सामन्यांवर आलेल्या सीझनमध्ये टोरांटोने ५३ जिंकले. हे रीडिंग मात्र बरंच शुद्ध. मोठा तारा काढून घेतला, कोच तोच ठेवला, तरी मशीन चाललं. २०२० चा पुरस्कार नर्सना मिळाला. आणि २०२३ मध्ये, ४१ विजय आणि ४१ पराभवांनंतर, त्यांनाही काढलं! तिकडे केसी डेट्रॉइटला गेले होते. २०२२-२३ मध्ये पोरसवदा टीम घेऊन ८२ पैकी जेमतेम १७ जिंकले. ५९ वाले केसी आणि १७ वाले केसी, माणूस एकच.

तीन प्रश्न

म्हणून पुढच्या वेळी वाद घालताना आधी हे विचारा. कोचच्या हातात सामग्री काय होती आणि समोर कोण होतं? एकदम किती गोष्टी बदलल्या? निर्णय घेतला त्या क्षणी तो बरोबर होता का?

आमच्या अर्जाला हेच प्रश्न लावून पाहिले. त्या सामन्याच्या दिवशी आपले दोन उंच खेळाडू कॅम्पस इंटरव्ह्यूला बसले होते. कोचसरांनी उरलेल्या बुटक्या पोरांना पळवत ठेवून सामना शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत ओढला होता. सही करताना यातलं काहीच मी विचारात घेतलं नव्हतं. परवा ग्राउंडवर जाऊन सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता दोन राउंड मार!"

आणि हो, 'त्या सरांच्या विषयाचा निकालच लागत नाही' असं मेसमध्ये म्हणण्याआधीही हे तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. बघा पटतंय का!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)